मॅडम, पीपीटी पाठवा ना

'मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात सोळा वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. सुरुवातीची सगळी वर्षं फळा आणि खडू. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन तास घ्यावे लागले तेव्हा रात्र रात्र बसून सगळ्या प्रकरणांच्या स्लाइड केल्या आणि कॉलेज उघडल्यावर त्याच वर्गात दाखवायला लागले. मुलं खूश. मी प्रोजेक्टर लावायच्या आधीच "मॅडम, पीपीटी ग्रुपवर पाठवा ना" सुरू होतं. वही कुणी उघडत नाही, फार तर मोबाइल वर करून पडद्याचा फोटो काढतात. गेल्या सत्रात एसवायचे पेपर तपासायला घेतले आणि हातच थांबला. अभिक्रिया कशी घडते ते विचारलं होतं. मुलांनी माझ्याच स्लाइडवरचे बुलेट पॉइंट माझ्याच क्रमाने लिहिले होते, आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण मात्र बहुतेकांचे उलटे. म्हणून या सत्रात दोन आठवडे स्लाइड बंद ठेवून फळ्यावर शिकवलं. फीडबॅकमध्ये लगेच आलं: "जुन्या पद्धतीने शिकवतात", "खूप लिहायला लावतात", "समजत नाही". आमच्याच विभागातले एक तरुण सर सगळं अॅनिमेशनने शिकवतात, त्यांना पैकीच्या पैकी. प्राचार्य म्हणाले, "नॅकचं मूल्यांकन तोंडावर आलंय, आता खडूकडे परत जाऊ नका." मुलांना आवडतं ते करू, की मला पटतं ते? की मीच आता जुनी झाले?'

— एक प्राध्यापिका

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण तुम्हाला तोच सगळ्यात जास्त टोचतो आहे असं पत्र वाचताना वाटलं. म्हणून त्याचं उत्तर आधी देते. तुम्ही जुन्या झालेल्या नाही. स्लाइड दाखवत होतात तेव्हा मुलं तुमच्यावरही खूश होती. तरी पेपर तपासताना उलटे बाण दिसल्यावर तुम्ही मुलांना दोष दिला नाही, स्वतःच्या शिकवण्यात कारण शोधायला निघालात. एवढं करणारी माणसं स्टाफरूममध्ये फार नसतात. मी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून हे ठामपणे सांगू शकते.

आता तुमचा गुंता. मुलांना काय आवडतं आणि मुलांना काय येतं, हे दोन धागे तुमच्या पत्रात एकमेकांत अडकले आहेत. ते वेगळे केले की निम्मं काम होतं.

स्लाइडने शिकवल्यावर काय होतं, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कॉलेजच्या वर्गांमध्ये भरपूर अभ्यास झाले. तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात थेट भिडणारा अभ्यास सस्किंड या अमेरिकी प्राध्यापकांचा, २००५ चा. मानसशास्त्राच्या वर्गांना त्यांनी काही व्याख्यानं साध्या पद्धतीने दिली, काही पॉवरपॉइंटने. मुलांनी सांगितलं की पॉवरपॉइंटचे तास जास्त नीटनेटके वाटतात, टिपणं घेणं सोपं जातं, परीक्षेचा आत्मविश्वास वाढतो. परीक्षेतल्या गुणांत मात्र फरक पडला नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी बार्ट्श आणि कोबर्न यांनी तीन प्रकार ताडून पाहिले होते: ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका, साधी मजकुराची स्लाइड, आणि चित्रं व आवाज घातलेली स्लाइड. मुलांची पसंती पॉवरपॉइंटला होती. पण छोट्या चाचण्यांमध्ये सर्वांत कमी गुण पडले ते चित्रं-आवाजवाल्या तासांना, आणि पुढच्या प्रयोगात दिसलं की विषयाशी संबंध नसलेली चित्रं शिकण्याचं नुकसान करतात. २००९ मध्ये आणखी एका अभ्यासात असं निघालं की पडदा चालू असताना शिक्षक तोंडाने जे सांगतो, त्यातलं साधारण १५ टक्के कमी लक्षात राहतं. मुलं पडदा वाचत असतात, तुमचा आवाज मागे चालू राहतो.

दुसरी बाजूही ऐका. असे पुष्कळ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा स्लाइडने शिकवलेली आणि स्लाइडविना शिकवलेली मुलं यांच्या शिकण्यात सरासरीने फरक निघाला नाही. म्हणजे स्लाइड मुलांना बिघडवते असं म्हणायला आधार नाही, तशीच ती मुलांना शिकवते असं म्हणायलाही नाही. तुमच्या प्राचार्यांनी हा निकाल जरूर ऐकावा, आणि खडूचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्यांनीही.

मग फीडबॅकमधल्या 'समजत नाही' या शब्दांचं काय करायचं? हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा एक अभ्यास मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. एका गटाने उत्तम वक्त्याचं सफाईदार व्याख्यान ऐकलं. दुसऱ्या गटाने तेच साहित्य घेऊन आपापसांत चर्चा करत उदाहरणं सोडवली. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त आलं. पण 'तुम्ही किती शिकलात' असं विचारल्यावर त्याच गटाने कमी शिकलो असं सांगितलं. डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं, आपल्याला कळत नाहीये. सफाईदार बोलणं ऐकताना वाटतं, सगळं कळतंय. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये समोर कोरा कागद येतो.

तुमच्या मुलांनी खोटं लिहिलेलं नाही, ताई. त्यांना खरोखरच जड गेलं. दोन वर्षं ज्यांनी पेन उचललं नव्हतं त्यांना तुम्ही एकदम फळ्यावरून उतरवून घ्यायला लावलं, तेही का, हे न सांगता. मी तुमच्या जागी असते तर मीही बहुधा असंच केलं असतं. पण हार्वर्डच्या त्या मंडळींनी एक साधी गोष्ट सुचवली आहे: सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना हे सगळं सांगून टाकावं. 'जड वाटेल, तेव्हा समजा की शिकणं चालू आहे' असं स्पष्ट म्हणावं. एसवायची मुलं एकोणीस वर्षांची असतात. त्यांना कारण सांगितलं की ती ऐकतात.

माझं एक वर्ष तुम्हाला सांगायला हवं. कॉलेजात पहिल्यांदा प्रोजेक्टर बसला तेव्हा मी सुट्टीभर खपून विद्युत-चुंबकत्वाचा सगळा पेपर स्लाइडवर चढवला. त्या सत्रात माझा पोर्शन तीन आठवडे आधी संपला. मला फार समाधान वाटलं होतं. मग चाचणीत गाउसच्या नियमावर एक सरळ उदाहरण दिलं: लांबच लांब भारित तार, तिच्यापासून अमुक अंतरावर क्षेत्र काढा. शेवटचं सूत्र बहुतेकांनी बरोबर लिहिलं होतं. त्या तारेभोवती दंडगोलच का कल्पायचा, गोल का नाही, याचं एक वाक्य दहा-बारा पेपरांतही सापडलं नाही. ते वाचलेले तीन आठवडे मी कुठून आणले होते, ते मला त्या संध्याकाळी कळलं. फळ्यावर दंडगोल काढताना माझा हात दोनदा थांबायचा. 'इथे गोल घेतला तर काय अडेल?' असं मी विचारायचे, कुणीतरी चुकीचं उत्तर द्यायचं, त्यावर पाच मिनिटं जायची. स्लाइडवर दंडगोल आधीपासूनच काढून ठेवलेला होता. विचारायला जागाच उरली नव्हती.

तुमच्या उलट्या बाणांचं मूळही तिथेच आहे असं मला वाटतं.

तुमच्याच विषयातलं घेऊ. एसएनटू अभिक्रिया: ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइड हा न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, येतो. तुम्ही फळ्यावर काढता तेव्हा काय क्रम असतो? आधी कार्बन, त्याला तीन हायड्रोजन आणि ब्रोमीन. मग तुम्ही विचारता, इलेक्ट्रॉन कुणाकडे जास्त आहेत? ऑक्सिजनवर लोन पेअरचे, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांचे, दोन ठिपके देता. खडू त्या ठिपक्यांवर टेकतो आणि तिथून कार्बनकडे वळत जातो, ब्रोमीनच्या बरोब्बर पाठीमागच्या बाजूने. मग दुसरा बाण, कार्बन-ब्रोमीन बंधातून ब्रोमीनकडे. मग वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसे तिन्ही हायड्रोजन पलीकडे वळतात. मुलाने हे पाहताना बाणाचं शेपूट कुठे ठेवलं ते पाहिलं, कारण खडू आधी तिथे टेकला. तयार स्लाइडवर मात्र दोन्ही बाण एकाच क्षणी प्रकट होतात. मुलाला दिसतं एवढंच की दोन गोष्टींच्या मध्ये एक वाकडी रेघ आहे. घरी आठवून काढताना कुठलं टोक कुठे, हे तो अंदाजाने ठरवतो. आणि 'काहीतरी कार्बनमधून निघतं' असं वाटून बाण उलटा काढतो.

तरुण सर अॅनिमेशन दाखवतात, त्यात बाण हळूहळू वाढतही असेल. ते स्लाइडपेक्षा बरं. पण मुलाचा हात तिथेही रिकामाच राहतो.

हाताने लिहिण्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. लॅपटॉपवर टिपणं घेण्यापेक्षा हाताने घेतलेली चांगली, असं सांगणारा २०१४ चा एक अभ्यास फार गाजला. नंतर इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तेवढा ठळक निघाला नाही. म्हणून 'लिहिलं की लक्षात राहतंच' असं मुलांना सांगू नका. नुसतं उतरवून घेणं हे फोटो काढण्यापेक्षा फार वेगळं नाही, आणि तुमच्या मुलांची 'खूप लिहायला लावतात' ही तक्रार त्याबाबतीत रास्त असू शकते. व्याख्या, सूत्रं, यादी हे खुशाल पीपीटीतून द्या. हाताने काय काढायचं? ज्यात निर्णय घ्यावा लागतो ते. बाण कुठून निघेल, कुठला गट सुटेल, कोणती बाजू उघडी आहे.

आता बुलेट पॉइंट. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, उलट्या बाणांपेक्षाही. बाण दोन तासांत सुलटे करता येतात. मुलांनी तुमच्या बुलेट जशाच्या तशा लिहिल्या याचा अर्थ असा की त्यांनी विषय यादी म्हणून वाचला. यादीत 'कारण' हा शब्द नसतो. 'म्हणून', 'पण', 'जर-तर' हेही नसतात. एका ओळीचा दुसरीशी संबंध तुम्ही तोंडाने सांगितला होता. तो हवेत विरला आणि ओळी तेवढ्या पडद्यावर, मग फोनमध्ये, मग उत्तरपत्रिकेत राहिल्या.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आलं, आधी मॅकिंटॉश संगणकासाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं ते कंपन्यांमधल्या बैठकांसाठी, जिथे मोजक्या मिनिटांत एखादा प्रस्ताव समोरच्यांच्या गळी उतरवायचा असतो. त्या कामासाठी ते उत्तम आहे. आपल्या वर्गात मात्र समोरच्याने मान डोलवून भागत नाही, त्याने अडायला हवं, 'असंच का?' म्हणायला हवं.

बुलेटमध्ये 'कारण' हरवलं की काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण मी माझ्या मुलांना दरवर्षी सांगायचे. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच, किती नुकसान झालं असेल याचं विश्लेषण अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. पण तो धीर ज्या चाचण्यांच्या जोरावर दिला होता, त्यातला तुकडा अगदी छोटा होता. प्रत्यक्ष आदळलेला तुकडा त्याच्या ६०० पटींहून मोठा होता. ही गोष्टही स्लाइडवर होती, फक्त तळाशी, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही जण गेले. आपली कर्नालची कल्पना चावला त्यांच्यात होती. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर ती स्लाइड ओळीओळीने उलगडून दाखवली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानेही सविस्तर तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. स्लाइडमुळे अपघात झाला असं त्या अहवालाने म्हटलेलं नाही. पण सगळ्यात मोठं 'पण' सगळ्यात लहान अक्षरात गेलं, आणि वाचणाऱ्यांना ते दिसलं नाही. तुमची मुलं उद्या कुठल्या तरी औषध कंपनीत, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, पाणी तपासणी केंद्रात बसणार आहेत. त्यांना पूर्ण वाक्यात कारण लिहिता आलं पाहिजे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: शीर्षकाच्या जागी एक पूर्ण वाक्य लिहा. 'एसएनटूची वैशिष्ट्यं' असं नको. 'न्यूक्लिओफाइल मागच्या बाजूने येतो म्हणून रेणूची रचना उलटते' असं लिहा. खाली बुलेट नकोतच, त्या वाक्याचा पुरावा दाखवणारी एक आकृती पुरे. तुम्हाला स्वतःला हे करताना कठीण जाईल. काही स्लाइडना असं वाक्यच सुचणार नाही. त्या काढून टाका. माझ्या गाउसच्या प्रकरणाच्या बावन्न स्लाइडमधल्या अकरा उरल्या होत्या.

दुसरं, भाषेचं. याबद्दल अमेरिकेतल्या अभ्यासांत आपल्या वर्गाचं पूर्ण उत्तर सापडणार नाही, ते आपलं आपणच पाहायचं आहे. तुमच्याकडची पुष्कळ मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असणार. स्लाइड इंग्रजीत, बोलणं मराठीत, पुस्तक इंग्रजीत. रिचर्ड मेयर यांच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधनात वारंवार दिसलं आहे की चित्र समजावताना तेच शब्द पडद्यावरही लिहून वाचून दाखवले तर शिकणं कमी होतं, कारण डोळ्यांना एकाच वेळी चित्रही पाहावं लागतं आणि ओळीही वाचाव्या लागतात. म्हणून इंग्रजी परिच्छेद पडद्यावर टाकून वाचून दाखवणं तर बंदच करा. पण ज्याला शिकवण्याची भाषा परकी आहे, त्याला शब्द डोळ्यांसमोर दिसणं मदतीचं असतं. आपल्या मुलाला 'न्यूक्लिओफाइल' नुसतं ऐकून लिहिता येत नाही. तेव्हा पारिभाषिक शब्द तेवढे आकृतीला चिकटून, बाणाच्या शेजारीच, आणि बाकी सगळं समजावणं तुमच्या मराठीत. मुलांनी उत्तर मराठी-इंग्रजी मिसळून दिलं तरी वर्गात चालू द्या. कारण आधी बरोबर येऊ दे, इंग्रजी नंतर सुधारता येतं.

आणि पडदा काळा करायला शिका. स्लाइड चालू असताना कीबोर्डवर इंग्रजी बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. किती जणांना हे माहीतच नसतं! चालू तासात तीन-चार वेळा पडदा बंद करा. रेणू फळ्यावर काढा, बाण काढू नका. 'दोन मिनिटं. वहीत बाण काढा. कुठून निघतो ते ठरवा.' मग शेजाऱ्याला दाखवू द्या. दोघांचे बाण वेगळे आले की वर्गात जी कुजबुज सुरू होते, ती थांबवू नका. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गांत हेच केलं, आणि त्यासाठी कुठलंच यंत्र लागत नाही. हात वर करून मत घेता येतं. मग खडू घ्या आणि मुलांचे दोन्ही बाण फळ्यावर काढा, चुकीचाही. चुकीच्या बाणाने काय अनर्थ होतो, कार्बनला पाच बंध कसे येतात, ते त्यांनाच मोजू द्या.

स्लाइड जिथे खरंच फळ्यापेक्षा सरस आहे तिथे मात्र ती हातची सोडू नका. मिठाच्या स्फटिकाची रचना मी किंवा तुम्ही खडूने कितीही काढली तरी मागच्या बाकावरच्या मुलाला ती जाळीच दिसते. पडद्यावर ती फिरवून दाखवता येते. आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रम खराखुरा दाखवा, हाताने काढलेला दोन शिखरांचा नको. सोडियम पाण्यात टाकल्यावर काय होतं, आवर्तसारणीत त्रिज्या कशी कमी-जास्त होते त्याचा आलेख, रबराच्या चिकाचा फोटो, हे सगळं पडद्यावरच. एसएनवन अभिक्रियेत टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडपासून तयार होणारा कार्बोकॅटायन, म्हणजे धनभारित कार्बनचा आयन, सपाट असतो हे त्रिमितीय चित्रात एका क्षणात पटतं, आणि मग न्यूक्लिओफाइल दोन्ही बाजूंनी का येऊ शकतो, हा प्रश्न विचारायला पडदा काळा करता येतो. शिवाय तुमच्या फळ्यावर दुपारचं ऊन येऊन चकाकत असेल, डाव्या बाजूच्या मुलींना काही दिसत नसेल, तर त्याचाही विचार करा. माझ्या वर्गात एका मुलाची दृष्टी अधू होती. त्याला फळा कधीच दिसला नव्हता, आणि मला ते दुसऱ्या सत्रात कळलं. त्याच्यासाठी आदल्या दिवशी पाठवलेली स्लाइड ही सोय नव्हती, गरज होती.

'पीपीटी पाठवा ना' याला नाही म्हणू नका. पाठवाच. पण भोकं ठेवून पाठवा: रेणू आहेत, बाण नाहीत, आलेख आहे, अक्षांची नावं नाहीत, शीर्षकाचं वाक्य 'म्हणून' वर येऊन थांबलं आहे. त्याची झेरॉक्स काढून मुलं तासाला आणतील, त्यावरच बाण काढतील. लिहिणं कमी, ठरवणं जास्त. 'खूप लिहायला लावतात' ही तक्रार तिथे मिटेल. पूर्ण स्लाइड आठवड्याने टाका.

प्राचार्यांशी भांडण मांडू नका. नॅकच्या कागदांत शिक्षक आयसीटी, म्हणजे संगणक-प्रोजेक्टरसारखी साधनं, वापरतात का हे विचारलं जातं, हे खरं. पण त्याच निकषात विद्यार्थीकेंद्री पद्धती, मुलांचा सहभाग, प्रश्न सोडवून शिकणं याबद्दलही विचारलं जातं. तुम्ही जे करणार आहात ते या दोन्ही रकान्यांत बसतं. काळ्या पडद्याच्या वेळी मुलं आपापसांत बाणांवर चर्चा करतायत याची नोंद ठेवा, भोकं ठेवलेल्या स्लाइड जोडा, चाचण्यांचे कागद जोडा. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना असं काही हवंच असतं. आणि फळा मागासलेला आहे असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. पॉवरपॉइंट आलं त्याच १९८७ साली आपल्या देशात 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' सुरू झालं होतं. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासारखं आवश्यक साहित्य मिळावं म्हणून. फळा मिळावा यासाठी इथे सरकारला योजना काढावी लागली होती. त्यातल्याच एखाद्या शाळेत शिकून तुमच्या काही मुलांचे आईबाप मोठे झाले असतील.

तरुण सरांबद्दल तुमच्या पत्रात थोडी तिखट ओळ आहे. ती समजते. पण त्यांच्या तासाला एकदा जाऊन बसा, मागच्या बाकावर, वही घेऊन. त्यांचं एखादं अॅनिमेशन तुम्हाला आवडेल, ते मागून घ्या. आणि त्यांना तुमच्या बाणांच्या तासाला बोलवा. फीडबॅकचा आकडा तुमच्या दोघांच्या मध्ये कॉलेजने आणून ठेवला आहे, तुम्ही तो तिथे राहू देऊ नका.

शेवटी, माझ्यावर विश्वास ठेवून काही बदलू नका. मोजा. पुढच्या चार आठवड्यांत दोन प्रकरणं नेहमीच्या स्लाइडने घ्या, दोन या नव्या रीतीने, साधारण सारख्याच अवघडपणाची. प्रत्येक प्रकरणानंतर चार दिवसांनी, न सांगता, तासाच्या आधी पाच मिनिटं एक अर्धा कागद: एक अभिक्रिया, बाण काढा, आणि एका वाक्यात 'का' लिहा. नाव लिहायला लावू नका, गुण देऊ नका. त्याच कागदाच्या मागे एक प्रश्न: 'हे प्रकरण किती समजलं असं वाटतं, दहापैकी?' मग दोन ढीग करा आणि मुलांच्या समोरच मोजा. समजलं असं वाटणं आणि बाण बरोबर येणं यांतला फरक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की फीडबॅक फॉर्मवरचे शब्दही बदलतील असा माझा अनुभव आहे. नाही बदलले, आणि नेहमीच्या स्लाइडचाच ढीग सरस निघाला, तर मला तसं कळवा. मला ते वाचायचं आहे.

एसएनवन अजून शिकवायचं राहिलं असेल तर सुरुवात तिथूनच करा. आणि त्या अर्ध्या कागदांतले चार-पाच, उलट्या बाणांसकट, मला पाठवा.